माशांच्या टाकीतली बत्ती

घरच्या माशांच्या टाकीची बत्ती बदलताना आपले व्यापारी बांधव फक्त वॅट विचारतात. आम्हीही तेच केले. जुनी दोन फुटी ट्यूब १८ वॅटची, पण तांब्याच्या चोकसकट सुमारे २८ वॅट खायची. पुष्कळसा उजेड झाकणातच अडकायचा. एलईडी पट्टी १० वॅटची, उजेड सरळ पाण्यात. दुकानदाराने दोन गळ्यात मारल्या. आम्ही आठ तासांऐवजी बारा तास लावल्या. बिल होते तिथेच, वर काचा शेवाळाने हिरव्या! नुसता पन्हा विचारून कापड कोणी घेतो का? पोत हाताने पाहतो. तसे बत्तीच्या खोक्यावरचे ल्युमेन आणि केल्व्हिन वाचावेत. वनस्पतींना ६५०० केल्व्हिन चालते. आता एकच पट्टी, आठ तास, टायमरवर. महिन्याला चारेक युनिट वाचतात.