मागची वाट बुजवू नका

शनिवार, ९ डिसेंबर २०२३. डेबियन लिनक्सची १२.३ आवृत्ती त्या दिवशी यायची होती. ती आलीच नाही. सोबत येणाऱ्या ६.१.६४ कर्नलमध्ये एक्स्ट४ फाइलसिस्टिमवरचा डेटा खराब करणारा दोष सापडला आणि डेबियनने सगळ्यांना अपडेट थांबवायला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी ६.१.६६ घेऊन थेट १२.४ आली.

दोषाचं मूळ विलक्षण साधं होतं. एक दुरुस्ती जुन्या शाखेत आणली गेली, पण ती ज्या आधीच्या बदलावर उभी होती तो मागेच राहिला. त्यामुळे कॅशे टाळून थेट डिस्कवर लिहिताना फाइलमधली जागा पुढे सरकत नव्हती. लेखनिकाने ओळ लिहावी आणि पुढची ओळ पुन्हा तिच्यावरच गिरवावी, तसं.

ज्यांच्या सर्व्हरवर हे कर्नल चढलं होतं, त्यांच्यासाठी १२.४ येईपर्यंत खात्रीचा उपाय एकच होता: रीबूट करून ग्रबच्या यादीतून जुनं कर्नल निवडणं. अर्थात, ते जागेवर असेल तर. बूट पार्टिशन भरलं म्हणून जुनी कर्नलं सरसकट उडवण्याची सवय अशा वेळी नडते.

इतर पॅकेजांचंही तेच. एप्टला नावापुढे नेमकी आवृत्ती देता येते, फेडोरात डीएनएफ डाउनग्रेड आहे, आर्चवाले पॅकमनच्या कॅशेतली जुनी फाइल पुन्हा बसवतात. पण रिपॉझिटरीत बहुधा ताजीच आवृत्ती असते. डेबियनचं स्नॅपशॉट संग्रहालय आणि आर्चचं आर्काइव्ह मदतीला येतात. तरी ऐन वेळी नेटवर्कच बंद पडलं, तर स्वतःच्या मशीनवरची प्रतच कामाची.

मागे येण्यात कमीपणा नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरवाट सापडली, तेव्हा डेबियननेही तेच केलं. एप्ट आपणहून खालच्या आकड्यावर उतरत नाही, म्हणून जुनी ५.४.५ ‘५.६.१+रिअली५.४.५’ असं नाव देऊन पाठवली.

सगळंच मात्र मागे येत नाही. मायएसक्यूएल ८.० ने डेटा डिरेक्टरी एकदा बदलली, की ५.७ ती उघडत नाही. अपडेटपूर्वीचा बॅकअप हाच आधार. जीलिबसी तर हात लावण्याआधी दहादा विचार करावा असं पॅकेज, कारण जवळपास सगळा डोलारा त्यावर उभा असतो.

खरी काळजी पुढे आहे. जुनी आवृत्ती बसवून एप्ट-मार्क होल्ड लावला, सर्व्हर सुरळीत झाला, आणि सगळे विसरले. दोष दुरुस्त होतो, नवी आवृत्ती येते, सुरक्षेचे पॅच येतात, पण होल्ड लावलेलं पॅकेज जागचं हलत नाही. नव्या आवृत्तीतला बिघाड टाळायला लावलेलं कुलूप अशा वेळी स्वतःच धोका बनतं. होल्ड लावणाऱ्याने त्याच वेळी कारण, तारीख आणि बगचा क्रमांक लिहून ठेवला पाहिजे. हे काम उद्यावर ढकलू नये.

आज प्रत्येक सर्व्हरवर एकदा एप्ट-मार्क शोहोल्ड चालवा. यादीतल्या ज्या नावाचं कारण कुणालाच सांगता येत नाही, त्या पॅकेजची नवी आवृत्ती या आठवड्यातच चाचणीच्या मशीनवर बसवून पाहा.