दुधाची फॅट बघतात, मग करडईचं तेल का नाही?

केंद्राचं तेलबिया अभियान ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर झालं. खर्च १०,१०३ कोटी रुपये. तेलबियांचं उत्पादन २०३०-३१ पर्यंत ३९ वरून ६९.७ दशलक्ष टनांवर न्यायचं आणि त्यासाठी जास्त तेलाचे नवे वाण पसरवायचे, असा प्लॅन आहे. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, म्हणजे गरज खरीच. पण आपल्या संभाजीनगरच्या बाजूने बघितलं, तर मला यात एक कडी निसटलेली दिसते.

मराठवाड्याची करडई घ्या. तिच्या दाण्यात टरफलच जवळपास ४० टक्के असतं, तेल आतल्या गरात. म्हणून टरफल पातळ असलेली झाडं पिढ्यानपिढ्या निवडत गेलं, की तेलाचं प्रमाण वाढतं. ‘भीमा’ या जुन्या वाणात तेल ३० टक्क्यांच्या आसपास. फलटणच्या निंबकर संस्थेच्या ‘नारी-५७’मध्ये ते ३५ च्या पुढे जातं. परभणीच्या कृषी विद्यापीठातही करडईवर खूप वर्षं काम चालू आहे.

यातली भारी टेक्नॉलॉजी मोजण्यात आहे. पूर्वी बी कुटून, द्रावकात घालून तेल काढायचं. म्हणजे चांगलं बी सापडलं तरी ते संपलेलं. आता एनएमआर मशीन, म्हणजे दवाखान्यातल्या एमआरआयचं भावंडच, दाणे न फोडता तेलाचा आकडा देतं. तेच दाणे नंतर पेरता येतात.

आता बाजारात या. तिथे व्यापारी वजन, ओलावा आणि काडीकचरा बघतो. तेल सहसा कुणी मोजत नाही. दहा क्विंटल करडईत ३० टक्क्यांनी ३०० किलो तेल, ३५ टक्क्यांनी ३५०. हे जादा ५० किलो तेल मिलवाल्याच्या खात्यात जातं. पिकवणाऱ्याला दोन्हींचा भाव सारखाच! डेअरीत दुधाचा दर फॅटवर ठरतो, उसाची एफआरपी साखर उताऱ्यावर ठरते. मग इथेच का अडलं?

माझं मत सरळ आहे. भाव तेलावर मिळत नाही तोवर शेतकरी एकरी क्विंटल बघूनच बियाणं घेणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. स्वतःची करडई लाकडी घाण्यावर गाळून तेल विकणाऱ्यांना मात्र नवा वाण आजही परवडू शकतो. घरच्यांनी रब्बीचं बियाणं आणायला पाठवलं, तर दुकानदाराला दोन्ही आकडे विचारा: एकरी उत्पन्न किती आणि तेल किती टक्के.