कोरोना आणि यकृत : काविळीचा धाक, काढ्याचा दिलासा

प्रौढ रुग्णाच्या यकृतावर कोरोनाचा जो परिणाम होतो, तो बहुतेक वेळा फक्त रक्ताच्या अहवालात दिसतो. पोट दुखत नाही, डोळे पिवळे होत नाहीत. एसजीओटी आणि एसजीपीटी या दोन ओळींपुढचे आकडे तेवढे ठळक छापून येतात. वरची मर्यादा चाळीसच्या आसपास, आणि रुग्णाचा आकडा ७० किंवा ९०. ही दोन्ही एन्झाइम यकृताच्या पेशींत असतात. पेशीला इजा झाली की ती रक्तात झिरपतात. आकडा वाढला म्हणजे पेशींना काहीतरी झाले आहे, एवढेच कळते. ते कशामुळे झाले, हे त्या आकड्यावरून कळत नाही. नेमक्या या अडचणीच्या जागी साथीच्या काळात दोन मते घट्ट बसली. विषाणू यकृत पोखरतो, म्हणून ‘लिव्हरला सूज’ आली की तिच्यावर वेगळे औषध, टॉनिक, काढा हवाच, हे एक. कोरोना हा फुफ्फुसांचा आजार, यकृताकडे बघण्याचे कारण नाही, हे दुसरे. दोन्ही मते चुकीची आहेत आणि दोन्हींमुळे रुग्णांचे नुकसान झाले आहे.

पहिले मत अगदीच निराधार नव्हते. सार्स-कोव्ह-२ हा विषाणू पेशीत शिरण्यासाठी एसीई-२ या प्रथिनाला चिकटतो. २०२० च्या सुरुवातीलाच चिनी संशोधकांना असे आढळले, की यकृताच्या मुख्य पेशींपैकी जेमतेम २.६ टक्के पेशींवर हे प्रथिन आहे. पित्तनलिकांच्या आतल्या अस्तरात मात्र ५९.७ टक्के पेशींवर आहे. तेव्हा विषाणू पित्तनलिकांवरच थेट घाला घालत असला पाहिजे, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. रुग्णांच्या रक्ताने मात्र त्याला दुजोरा दिला नाही. पित्तनलिका बिघडल्या की आधी अल्कलाइन फॉस्फटेज आणि बिलिरुबिन चढते, अंगाला खाज सुटते, लघवी गडद होते. चीनमधल्या १,०९९ रुग्णांचा जो अहवाल २०२० च्या फेब्रुवारीअखेर प्रसिद्ध झाला, त्यात तपासणी झालेल्यांपैकी सुमारे २२ टक्क्यांचे एसजीओटी आणि २१ टक्क्यांचे एसजीपीटी वाढलेले होते. बिलिरुबिन मात्र दहा-अकरा टक्क्यांचेच. पुढे इतर देशांतही हेच चित्र दिसले : एन्झाइम मर्यादेच्या दुपटीच्या आतबाहेर, एसजीओटी बहुधा एसजीपीटीपेक्षा जास्त, अल्कलाइन फॉस्फटेज बहुतेकांत जागच्या जागी आणि कावीळ क्वचित.

विषाणूजन्य कावीळ म्हणजे काय, हे महाराष्ट्राला वेगळे सांगावे लागत नाही. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यातून हेपॅटायटिस ई पसरला. तो विषाणू यकृतातच वाढतो, आणि अशा आजारात एसजीपीटी हजाराच्या घरात जाते. कोरोनाच्या ७०-९० या आकड्यांना त्याच पंगतीला बसवणे म्हणजे शिंकेला क्षय म्हणण्यासारखे आहे.

मृत रुग्णांच्या यकृताची तपासणीही हेच दाखवते. न्यूयॉर्कमध्ये ४० मृतांच्या यकृताचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. ३० जणांच्या पेशींत चरबीचे थेंब साठलेले होते. निम्म्यांत दाह होता, पण सौम्य. पेशींचे पट्टेच्या पट्टे मरून पडावेत, तसे दृश्य नव्हते. त्यांपैकी २० जणांच्या ऊतकात विषाणूचा आरएनए शोधला, तो ११ जणांत सापडला. थेट हल्ल्याचा पक्ष मांडणारे याच आकड्यावर भर देतात. परंतु यकृत हा रक्ताने ओथंबलेला अवयव आहे; गंभीर आजारात रक्तातून आलेला विषाणूचा अंश तिथे सापडणे वेगळे आणि त्यानेच पेशी मारल्या हे सिद्ध होणे वेगळे. विषाणू यकृतात कधीच शिरत नाही, असे म्हणण्याचे कारण नाही. यकृताला होणारी बहुतेक इजा त्याच्या शिरण्याने होत नाही, हे मात्र ठामपणे म्हणता येते.

मग ती होते कशाने? यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून, प्रतिहारी शिरेतून येते. त्यातला बराचसा प्राणवायू वाटेतच खर्च झालेला असतो. यकृताच्या प्रत्येक सूक्ष्म खंडात रक्त कडेकडून मधल्या शिरेकडे वाहते, त्यामुळे मधल्या शिरेलगतच्या पेशींच्या वाट्याला सर्वांत कमी प्राणवायू येतो. नळाच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्या घराला पाणी कमी दाबाने मिळावे, तशी त्यांची स्थिती असते. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९६ चा आकडा ८२ वर घसरला की या पेशी आधी गुदमरतात. व्हेंटिलेटरचा दाब वाढवावा लागला किंवा हृदयाची उजवी बाजू थकली, तर रक्त मागे यकृतात तुंबते. त्यात इंटरल्यूकिन-६ सारख्या दाहकारक द्रव्यांचा लोंढा येतो. उत्तर इटलीतील ४८ मृतांच्या यकृतांत बारीक रक्तवाहिन्यांचे बिघाड आणि गुठळ्या ठळकपणे दिसल्या. लठ्ठपणा व मधुमेहामुळे अनेकांचे यकृत आधीच चरबीने भरलेले असते, हेही विसरता येत नाही. एसजीओटी स्नायूंतूनही येते, म्हणून हा सारा आकडा स्नायूंचाच, असाही एक आक्षेप घेतला गेला. बोस्टनमधल्या रुग्णांत मात्र एसजीओटी एसजीपीटीच्या बरोबरीने चढत-उतरत होते, स्नायूंच्या क्रिएटिन कायनेजबरोबर नव्हे.

उरते ते औषध. सुरुवातीच्या महिन्यांत लोपिनाविर-रिटोनाविर ही एचआयव्हीवरची जोडगोळी सर्रास दिली गेली. यकृताचे आकडे वाढवण्याबद्दल ती आधीपासूनच ओळखली जात होती. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने जून २०२० मध्ये तिचा रुग्णालयातल्या रुग्णांना उपयोग होत नसल्याचे जाहीर केले. म्हणजे फायदा शून्य आणि यकृताला त्रास. रेमडेसिविरला आणीबाणीची परवानगी देतानाच, एसजीपीटी मर्यादेच्या पाचपट किंवा अधिक असेल तर ते सुरू करू नये, अशी अट होती. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत नातेवाईक त्याच्या कुपीसाठी रात्र रात्र वणवण करत होते. तेव्हा ही अट किती जणांच्या कानावर गेली असेल? दाह दाबणाऱ्या टोसिलिझुमॅब या औषधाने सुप्त हेपॅटायटिस बी डोके वर काढू शकतो, म्हणून त्याआधी बी ची तपासणी हवी. यकृताला सूज म्हणून पॅरासिटामॉल मात्र सरसकट बंद करण्याची गरज नाही. यकृताचा जुनाट आजार असलेल्यांना ते साधारणपणे दिवसाला दोन ग्रॅमच्या आत दिले जाते.

आता दुसरे मत : आकडे किरकोळ आहेत, दुर्लक्ष करावे. चीनमधल्या त्याच अहवालात गंभीर रुग्णांपैकी ३९ टक्क्यांचे एसजीओटी वाढलेले होते, इतरांपैकी १८ टक्क्यांचे. चढता आकडा यकृत निकामी होण्याची वर्दी देत नसला, तरी सबंध शरीर किती ताणाखाली आहे, हे सांगतो. आणि ज्याचे यकृत आधीच आजारी आहे, त्याच्यासाठी तर हे मत घातक आहे. २९ देशांतल्या, यकृताचे जुनाट आजार असलेल्या ७४५ रुग्णांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. सिऱ्हॉसिस (यकृत व्रणांनी कठीण होणे) नसलेल्यांपैकी ८ टक्के दगावले, सिऱ्हॉसिस असलेल्यांपैकी ३२ टक्के. सिऱ्हॉसिसच्या पहिल्या पायरीवर, म्हणजे चाइल्ड-प्यू ‘ए’ गटात, मृत्यूचे प्रमाण १९ टक्के होते. ‘बी’ गटात ३५ आणि ‘सी’ गटात ५१. दारूमुळे झालेल्या यकृतविकाराने धोका आणखी वाढवला. मृत्यूचे कारण मात्र सुमारे ७१ टक्क्यांत फुफ्फुसे निकामी होणे हे होते, यकृत नव्हे. सिऱ्हॉसिसमध्ये प्रतिकारशक्ती विस्कटलेली असते, म्हणून फुफ्फुसांचा संसर्ग हाताबाहेर जातो. याहून महत्त्वाची नोंद अशी, की कोरोनाने ज्यांचे यकृत अचानक ढासळले, त्यांच्यापैकी सुमारे पाचव्या हिश्शाला खोकला, दम असे काहीही नव्हते. पोटात पाणी भरणे किंवा माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागणे, हेच पहिले लक्षण होते. अशा रुग्णाची कोरोना चाचणी न करणे म्हणजे आजार समोर असून त्याकडे पाठ फिरवणे.

भीती दुसऱ्या दिशेनेही अवास्तव वाढली. यकृत-प्रत्यारोपण झालेला माणूस प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेतो, म्हणून तो हमखास दगावणार, असे मानले गेले. १८ देशांतील अशा १५१ रुग्णांत १९ टक्के मृत्यू झाले. तुलनेसाठी घेतलेल्या, प्रत्यारोपण न झालेल्या रुग्णांत २७ टक्के. वय आणि मूत्रपिंडाची अवस्था यांनी धोका वाढवला, प्रत्यारोपणाने नाही. घाबरून स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करणाऱ्याने नवे यकृत मात्र पणाला लावले.

आजारातून उठल्यावर एन्झाइम बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप उतरतात. त्याला एक विरळ, पण गंभीर अपवाद आहे. दीर्घकाळ अतिदक्षता विभागात राहिलेल्या काही रुग्णांच्या पित्तनलिका नंतर आकसत जातात आणि अल्कलाइन फॉस्फटेज चढतच राहते. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात २,०४७ कोरोना रुग्णांपैकी १२ जणांत हे आढळले. त्यांपैकी एकाला यकृत-प्रत्यारोपण करावे लागले. व्हेंटिलेटरवरून परतलेल्या माणसाला महिन्यांनंतर खाज आणि कावीळ सुरू झाली, तर ‘अशक्तपणा आहे’ म्हणून ती टाळू नये.

सर्वांत जास्त नुकसान केले ते दिलाशाने. घराघरांत सकाळी गॅसवर पातेले चढे. त्यात गुळवेलीच्या कांड्या, सुंठ, मिरी, दालचिनी, आणि पाणी निम्मे होईपर्यंत उकळी. नैसर्गिक आहे, निदान अपाय तरी होणार नाही, हा त्यामागचा युक्तिवाद. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांत यकृताची इजा आढळली आणि डॉक्टरांनी ती २०२१ मध्ये नोंदवली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला : रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेल होती, की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, हे तपासलेले नाही. आक्षेप रास्त होता, आणि त्याला शास्त्रीय उत्तर देणे भाग होते. पुढे देशातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. अनेकांच्या यकृतात स्वतःच्याच पेशींवर उलटलेल्या प्रतिकारशक्तीच्या खुणा दिसल्या, आणि काहींना थायरॉइड किंवा मधुमेहासारखे आजार आधीपासून होते. गुळवेल घेणाऱ्या प्रत्येकाला हे होते, असा याचा अर्थ नाही. लाखो लोकांनी ती घेतली. पण ‘अपाय होणारच नाही’ हा दावा मात्र यानंतर टिकत नाही. विषाणूपासून यकृत वाचवायला घेतलेल्या काढ्यानेच काहींचे यकृत बिघडवले आणि विषाणूने जी कावीळ दिली नव्हती, ती त्यांना दिली.

यकृताचे आकडे वाढलेल्या रुग्णाने डॉक्टरांना औषधांची यादी सांगताना त्यात काढा, चूर्ण, टॉनिक, शेजाऱ्याने दिलेली पुडी हे सारे सांगावे. आणि डॉक्टरांनी त्याला न रागावता, पण नेमके विचारावे.