हरल्यानंतरचा शनिवार

गेल्या महिन्यांत कळंब्यास आमच्या घरीं दिवेलागणीच्या सुमारास एक प्रसंग घडला. प्रसंग अगदीं लहान. परंतु त्यावरून आमच्या एकत्र कुटुंबांत आठ दिवस जो वाद चालला, तो पाहतां त्याची हकीकत या सदरांत वाचकांपुढें मांडावी असें आम्हांस वाटलें. आमच्या धाकट्या बंधूंचा चिरंजीव कोल्हापुरांतील एका महाविद्यालयांत दुसऱ्या वर्षास आहे आणि तेथील बास्केटबॉलच्या संघांत खेळतो. त्या दिवशीं आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेंतील त्याचा पहिला सामना होता. तो घरीं आला, बूट पडवींत काढले, हातपाय धुतले आणि कोणाशीं न बोलतां माडीवर निघून गेला. पानें मांडलीं तरी खालीं येईना. शेवटीं त्याची आजी वर गेली, तेव्हां कळलें कीं संघ तीन गुणांनीं हरला.

"हरला तर हरला. उद्यां पुन्हां खेळाल," आमचे वडील जेवतांना त्यास म्हणाले.

"उद्यां नाहीं, आजोबा. बाद पद्धत आहे. हरला तो गेला. आतां एकदम पुढच्या वर्षीं."

जूनपासून हा मुलगा पहाटे साडेपांचास उठून सायकलीनें सरावास जात होता. आषाढ-श्रावणांत तलावावरून येणारा वारा आणि पाऊस अंगावर घेत कळंब्याहून शहरांत जाणें म्हणजे काय, हें इकडच्यांस ठाऊक आहे. त्या साऱ्या खटाटोपाचें फळ चाळीस मिनिटांचा एक सामना. वडिलांचें म्हणणें असें कीं, झालें तें बरेंच झालें; आतां तरी पुस्तक हातीं धरील. बंधूंचें म्हणणें असें कीं, खेळानें पराभव सोसावयास शिकवावें, तें त्यानें शिकविलें. मग तोंड पाडून बसण्याचें कारण काय? आमच्या मातोश्रींनीं मात्र एवढेंच विचारलें, "अरे, पण ज्यांच्याशीं हरलास त्यांच्याशीं पुन्हां केव्हां खेळणार?" याचें उत्तर कोणाजवळच नव्हतें. आमचा हा लेख त्या एका प्रश्नासाठींच आहे.

आपल्याकडील विद्यापीठांच्या स्पर्धांची रचना ज्यांस ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं ती थोडक्यांत सांगतों. प्रथम जवळपासच्या महाविद्यालयांची विभागीय स्पर्धा. मग विभागांतून वर आलेल्यांची आंतरविभागीय. तेथें निवडलेल्या खेळाडूंचा विद्यापीठाचा संघ आपल्या बाजूच्या इतर विद्यापीठांशीं खेळतो. आणि उत्तर, दक्षिण, पूर्व व पश्चिम या चार विभागांतून प्रत्येकीं ४ प्रमाणें १६ विद्यापीठें अखिल भारतीय स्पर्धेस पात्र ठरतात. वरच्या पायरीवर शेवटच्या चार संघांस एकमेकांशीं खेळण्याची, म्हणजे साखळीची, सोय असते. परंतु अगदीं खालच्या पायरीवर, जेथें सर्वांत अधिक मुलें उभीं असतात, तेथें बहुधा बाद पद्धतच चालते. दिवस थोडे, मैदानें थोडीं, पैसाहि थोडा. भरविणाऱ्यांनीं तरी काय करावें? सर्वांत बलवान संघ लवकर निवडून काढणें एवढाच हेतु असेल, तर या पद्धतीस नांवें ठेवण्याचें कारण नाहीं.

पण तिचें गणित एकदां पाटीवर मांडून पाहावें. ८ संघ असले तर बाद पद्धतींत सारे मिळून ७ सामने होतात, आणि पहिल्याच फेरींत ४ संघ घरीं जातात. संघांत १२ मुलें धरलीं, तर ९६ पैकीं ४८ जणांचें वर्ष एका सामन्यांत आटोपतें. त्यांतहि मैदानावर एका वेळीं संघाचे पांचच गडी असतात. तेव्हां बांकावरच्या कित्येकांस चेंडूला हात न लावतांच परतावें लागतें. तेच ८ संघ एकमेकांशीं एकेकदां खेळले तर सामने २८ होतात व प्रत्येक संघास ७ मिळतात. दोनदोनदां खेळले तर ५६ होतात व प्रत्येकास १४ मिळतात.

हा दुसरा हिशेब आमच्या कल्पनेंतला नव्हे. ज्या देशांत हा खेळ जन्मास आला, तेथील महाविद्यालयें याच हिशेबानें खेळत आलीं आहेत. १८९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड या गांवीं जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकाकडे १८ तरुणांचा एक कंटाळलेला वर्ग आला. हिवाळ्यामुळें बाहेर खेळतां येईना आणि आंतल्या कवायतीस मुलें विटलेलीं. नेस्मिथनें व्यायामशाळेच्या सज्जास दोन बाजूंनीं पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, १३ नियम लिहून भिंतीवर लावले आणि नऊ-नऊ जणांस समोरासमोर उभें केलें. तो सज्जा १० फूट उंच होता, म्हणून आजहि कडें १० फुटांवरच असतें. पुढें हा खेळ तेथील महाविद्यालयांत पसरला तेव्हां शेजारशेजारच्या महाविद्यालयांच्या मंडळांनीं त्याच्या वार्षिक हंगामाची व्यवस्था आपणांकडे घेतली. अशा मंडळास तिकडे कॉन्फरन्स म्हणतात. मंडळांतील संघांनीं हंगामभर एकमेकांशीं खेळावयाचें. शक्य तेथें एकदां आपल्या गांवीं व एकदां दुसऱ्याच्या.

या मंडळांपैकीं आमच्या वाचकांस विशेष जवळचें वाटेल तें आयव्ही लीग. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया, कॉर्नेल, ब्राऊन, डार्टमथ आणि पेनसिल्व्हेनिया या आठ नामांकित विद्यापीठांनीं १९५४ सालीं सर्व खेळांसाठीं एकत्र करार केला. खेळाडू म्हणून कोणासहि शिष्यवृत्ति द्यावयाची नाहीं, हा त्यांचा दंडक. पुरुषांच्या बास्केटबॉलमध्यें प्रत्येक संघ इतर सातांशीं दोनदां, म्हणजे १४ सामने खेळतो. हे सामने बहुतेक शुक्रवारीं व शनिवारीं ठेवण्याची चाल पडली, ती अभ्यासाचे तास बुडूं नयेत म्हणून. २०१७ पर्यंत तर हंगामाच्या शेवटीं निराळी बाद स्पर्धाहि नव्हती. अव्वल कोण, तें चौदा सामन्यांच्या जमाखर्चावरूनच ठरे, आणि बरोबरी झाली तरच जादा सामना होई. एखाद्या रात्रीं पाय अडखळला, ताप आला, पंचाची नजर चुकली, तरी वर्ष बुडत नसे.

याच मंडळांतील प्रिन्स्टन विद्यापीठाचा बिल ब्रॅडली याची गोष्ट आमच्या पुतण्यास आम्हीं मुद्दाम सांगितली. १९६५ च्या मार्चमध्यें प्रिन्स्टनचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या उपान्त्य फेरीपर्यंत पोंचला आणि तेथें मिशिगनकडून हरला. त्या काळीं उपान्त्य फेरींत हरलेल्या दोन संघांचा तिसऱ्या क्रमांकासाठीं आणखी एक सामना होत असे. तो दुसऱ्याच दिवशीं, म्हणजे शनिवारीं, २० मार्चला झाला. विजेतेपद हातचें गेलेलें, उभ्या राष्ट्राचें लक्ष दुसऱ्या सामन्याकडे. आणि त्या सामन्यांत ब्रॅडलीनें एकट्यानें ५८ गुण केले. पुढें तो ऱ्होड्स शिष्यवृत्ति घेऊन ऑक्सफर्डला शिकावयास गेला, न्यूयॉर्कच्या व्यावसायिक संघांत खेळला, आणि १९७९ ते १९९७ अमेरिकेच्या सेनेटचा सभासद होता. ज्या दिवसासाठीं लोक त्याच्या महाविद्यालयीन खेळाची आठवण काढतात, तो हरल्यानंतरचा दिवस आहे. शुक्रवारींच त्यास घरीं पाठविलें असतें, तर तो दिवस उगवलाच नसता. तिसऱ्या क्रमांकाचा हा सामना तिकडेहि १९८१ नंतर बंद झाला, याचें आम्हांस वाईट वाटतें.

अमेरिकेंतील सर्वच घेण्यासारखें आहे असें मात्र कोणी समजूं नये. चित्रवाणीच्या पैशामुळें तेथील मंडळांचा शेजारधर्म अलीकडे पार विसकटला. २०२४ सालीं पॅसिफिक महासागराच्या कांठचें स्टॅनफर्ड विद्यापीठ अटलांटिक किनाऱ्याच्या मंडळांत जाऊन बसलें. आतां त्याच्या मुलांस मंडळांतील सामन्यासाठीं अर्धें खंड ओलांडून विमानानें जावें लागतें. साखळीचें सारें बळ शेजारांत असतें. दोन्ही संघ एकमेकांस ओळखतात, गेल्या खेपेची चूक आठवते, पुढची भेट ठरलेली असते, आणि हें सारें घरचें जेवण न चुकवितां होतें. तो शेजार गेला म्हणजे राहिला तो धंदा.

आणि हें सर्व शिकण्यासाठीं कोल्हापूरकरांस समुद्र ओलांडण्याची तरी काय गरज? आपल्या पैलवानांकडे पाहावें. एका गांवच्या जत्रेंत चीतपट झालेला गडी पुढच्या गांवच्या फडांत पुन्हां लांग चढवून उभा राहतो, आणि ज्यानें पाडलें त्याच्याशींच जोड मागतो. खासबागेच्या मैदानावर टाळ्या घेणाऱ्या कित्येकांची विद्या अशा गांवोगांवच्या मातींतच तयार झालेली असते. फुटबॉलचेंहि तसेंच. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर दर हंगामांत आधीं साखळी खेळतात. बाद स्पर्धांचे चषक निराळे असतात. आज हरलेल्या तालमीचीं मुलें संध्याकाळीं कट्ट्यावर बसून पुढच्या सामन्याचीच गोष्ट बोलतात. पेठांना जें साधलें, तें महाविद्यालयांना साधूं नये, हें आम्हांस पटत नाहीं.

घरांत हा विषय निघाला तेव्हां वडिलांनीं तीन शंका काढल्या: पैसा, वेळ आणि अभ्यास. त्या रास्त आहेत, म्हणून त्यांचीं उत्तरें हिशेबानेंच दिलीं पाहिजेत. १८८० सालच्या राजाराम कॉलेजापासून १९६२ सालच्या शिवाजी विद्यापीठापर्यंत कोल्हापुरांत शिक्षणाच्या इतक्या संस्था उभ्या राहिल्या आहेत कीं, ८ संघ गोळा करण्यास शहराबाहेर जावयास नको. मुलें सायकलीवर येतील. ८ संघांची एकेरी साखळी ७ फेऱ्यांत पुरी होते. प्रत्येक फेरींत ४ सामने. दोन मैदानें मिळालीं तर एका शनिवारीं दुपारीं प्रत्येक मैदानावर दोन सामने, आणि सात शनिवारांत हंगाम समाप्त. पावसाळा सरल्यावर आरंभ करावा, परीक्षेचे आठवडे वगळावे. यास लागतें काय? चेंडू, शिट्टी, गुण मांडणारा एक मनुष्य आणि दोन जाणते पंच. विद्यापीठाची स्पर्धा आहे तशीच राहूं द्यावी. तिच्या पोटीं ही लहानशी साखळी चालावी. मुलांचें म्हटलें तें मुलींच्या संघांसहि लागू आहे, हें वेगळें सांगावयास नको.

अभ्यासाविषयीं आमचा अनुभव असा कीं, मुलाचें मन अनिश्चितपणामुळें जितकें उडतें, तितकें ठरलेल्या वेळेच्या खेळामुळें उडत नाहीं. शनिवार खेळाचा हें एकदां ठरलें, म्हणजे बाकीच्या वारांस शिस्त लावतां येते. आणि पराभव सोसावयास शिकविण्याचें बंधूंचें तत्त्व आम्हांसहि मान्य आहे. पण तें शिक्षण पुरें होण्यास दुसरी संधि जवळ हवी. सुनेची पहिली पुरणपोळी फुटली, तर कोणती शहाणी सासू तिला पुढच्या होळीपर्यंत पोळपाटास हात लावूं नकोस म्हणून सांगते? दुसरा उंडा तिच्या हातीं देते, आणि जवळ उभी राहते.

हें ऐकून मातोश्री हंसल्या आणि वडील गप्प राहिले. आमच्या घरीं वडिलांचें गप्प राहणें म्हणजे अर्धी संमति. उरलेली अर्धी मुलानें स्वतः मिळविली. दुसऱ्या दिवशीं त्यानें अभ्यासाचें व सरावाचें आठवड्याचें वेळापत्रक स्वच्छ अक्षरांत लिहून आजोबांच्या पोथीजवळ ठेवलें. आजोबांनीं चष्मा लावून तें वाचलें, पहाटेच्या सरावांतील दोन दिवस कमी करून तेथें गणित लिहिलें, आणि शनिवारची ओळ तशीच ठेवली.

मग मुलांनीं आपसांतच बोलून ज्यांच्याकडून हरले त्यांच्याशीं साधा मैत्रीचा सामना ठरविला. ना चषक, ना प्रमाणपत्र. परवांच्या शनिवारीं तो झाला. आम्ही व बंधू पाहावयास गेलों होतों; आणि "तलावाकडे फिरून येतों" असें सांगून निघालेले वडीलहि मैदानाच्या कडेला छत्री टेकून उभे असलेले दिसले.

आमचा मुलगा पुन्हां हरला, यावेळीं एका गुणानें. परंतु घरीं येतांच त्यानें हातपाय धुतले, पानावर येऊन बसला, आणि आमटी वाढणाऱ्या आजीस सांगूं लागला, "आजी, त्यांचा तो उंच गडी डावीकडूनच वळतो, हें आज माझ्या ध्यानांत आलें. पुढच्या शनिवारीं त्यास मीच धरणार आहें."

ज्या घरांत महाविद्यालयांत जाणारे मुलगे आहेत, त्या घरांतील वडील मंडळींस आमची एवढीच विनंति आहे. मुलगा खेळून घरीं आला म्हणजे जिंकलास कीं हरलास हें अवश्य विचारावें. पण त्याच्या जोडीला, पुन्हां केव्हां आहे, हेंहि विचारावें. आणि त्याचें उत्तर मुलाजवळ नसेल, तर तें मिळवून देण्यास त्याच्या महाविद्यालयाच्या दारापर्यंत दोन पावलें जावें.