गाऊन लांब होत नाही

"ताई, हा गाऊन धुऊन धुऊन लांब झालाय बघा, खालून जरा दुमडून द्या."

सांगलीत गेली छत्तीस वर्षं मी शिवणकाम करते आणि हे वाक्य महिन्यातून एकदा तरी कानावर येतं. सुती कापड पाण्यात आटतं, वाढत नाही, हे शिवण शिकायला आलेल्या पोरीला पहिल्या आठवड्यात कळतं. मलाही कळत होतंच. तरी मी गाऊन घ्यायची, दीड-दोन इंच दुमडायची, हातशिलाई घालून परत द्यायची. कापडाला काही झालेलं नसायचं. आतली बाई आखूड झालेली असायची.

माझ्याकडे मापांच्या वह्या आहेत, लाल पुठ्ठ्याच्या, लांबट, दुकानदार उधारीला वापरतात तसल्या. एकेका गिऱ्हाइकाची वीस-वीस वर्षांची मापं त्यात सापडतील. छाती, कंबर, खांदा, मुंढा, बाही. चाळिशीत अंग सुटतं ते सगळ्यांनाच दिसतं आणि त्यावर हसूनही होतं. पन्नाशी-पंचावन्ननंतर मात्र वेगळंच काही सुरू होतं. ब्लाऊज पाठीत वर चढतो आणि पुढे चुण्या पडतात. मग पाठ अर्धा इंच वाढवायची, पुढची उंची तेवढीच कमी करायची. मागचा गळा मानेपासून सुटून उभा राहतो, त्याला बारीक टक्स घालून बसवायचं. क्लासमधल्या मुलींना मी हे 'पोक आलेल्या बाईचं कटिंग' म्हणून शिकवायची, जसं गरोदर बाईचं कटिंग असतं तसं. म्हणजे पोक येणं हा बाईच्या वयाचा एक टप्पाच आहे, असं मीही धरून चालले होते. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परत येणारी म्हातारी आठवा. चित्रातली ती नेहमी वाकलेलीच असते. सरळ पाठीची म्हातारी कोणी काढत नाही.

आणि कितीतरी बायका तर माप द्यायलाही उभ्या राहत नाहीत. पिशवीतून जुना ब्लाऊज काढतात. "हा मापाला ठेवा, ह्याच्यासारखाच शिवा." दहा वर्षांपूर्वीचा ब्लाऊज!

माझी स्वतःची गोष्ट याहून शहाणपणाची नाही. २०१७च्या पावसाळ्यात, मी छप्पन्न वर्षांची असताना, दुकानाच्या पायरीवर पाय घसरला आणि डाव्या हातावर पडले. जिन्यावरून नाही, गाडीवरून नाही. उभ्याउभ्या पडले आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. हाड छान जुळलं, त्याबद्दल त्या दवाखान्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. तक्रार दुसरीच आहे. हाड जुळतंय का हे पाहायला तीनदा एक्स-रे निघाला, पण एवढ्याशा पडण्याने ते मोडलं कसं, हे एकदाही कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. प्लास्टर निघालं, 'कॅल्शियम चालू ठेवा' असं सांगितलं आणि विषय मिटला. मला तर उजवा हात वाचला याचाच आनंद.

चार वर्षांनी मोरीतली भिजवलेल्या चादरींची बादली उचलली आणि पाठीत असं काही झालं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. घरात सगळ्यांचं एकमत, उसण भरली. नणंदेने तेल लावलं, सुनेने शेक दिला, शेजारच्या काकी पट्टा घेऊन आल्या. पाच-सहा आठवड्यांनी दुखणं ओसरलं. उसण गेली म्हणून मी पुन्हा मशीनवर बसले.

पुढच्या दिवाळीत देवापुढे उदबत्ती लावायला वाकले आणि पाय गाऊनच्या काठात अडकला. गाऊन माझाच होता, मीच मापाने बेतलेला, मीच शिवलेला. तिथेच उभी राहिले. दुकानाच्या दाराच्या चौकटीवर शाळेच्या गणवेशांसाठी मी फूट-इंचाच्या खुणा रंगवून घेतल्या आहेत. तिथे टाचा टेकवून उभी राहिले आणि सुनेला डोक्यावर पट्टी ठेवायला लावली. चार फूट साडेअकरा इंच. माझं स्थळ बघत होते तेव्हा वडिलांनी कागदावर पाच फूट दोन इंच लिहिलं होतं. त्यातला अर्धा इंच वडिलांच्या हौसेचा धरला, तरी उरलेले दोन इंच कुठे गेले?

ते मणक्यांत गेले होते. एक्स-रेत दोन मणके पुढच्या बाजूने चेपलेले दिसले, सुताराने पाचर तासावी तसे. डॉक्टर म्हणाले, "काकू, ती उसण नव्हती. मणका मोडला होता." असे मोडलेले मणके तीनांतले दोन तरी कळतच नाहीत, असंही ते म्हणाले. वयाबरोबर मणक्यांमधल्या गाद्या झिजून थोडी उंची प्रत्येकाचीच कमी होते. पण तरुणपणापेक्षा दीड इंचाहून अधिक, म्हणजे सुमारे ४ सेंटिमीटर, कमी झाली असेल तर पाठीचा एक्स-रे काढून बघायला हवा.

मग डेक्सा तपासणी झाली. टेबलावर दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं, वरून एक दांडा सरकत जातो. सुई नाही, काही नाही. छातीच्या एक्स-रेपेक्षाही किरण कमी. त्यातून एक आकडा येतो, टी-स्कोअर. धडधाकट तरुण बाईच्या हाडांच्या घनतेशी तुमची तुलना केलेली असते. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ आणि उणे २.५ च्या मध्ये असाल तर झीज सुरू झालेली, उणे २.५ किंवा त्याखाली गेलात की ऑस्टिओपोरोसिस. ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली आखून दिली. माझा आकडा उणे ३.१. मंगल कार्यालयात शिबिरं भरतात, तिथे टाच यंत्रात घालून हाडं तपासून देतात, त्यावर निदान होत नाही. शिबिराच्या टेबलावर कॅल्शियमच्या डब्या का रचलेल्या असतात, हा ज्याचा त्याने विचार करावा.

हाडं अशी झिजतात कशी, ते डॉक्टरांनी मला समजेल असं सांगितलं. हाड म्हणजे दगड नव्हे. ते आयुष्यभर थोडं पाडलं जातं, थोडं बांधलं जातं. साधारण तिशीपर्यंत बांधकाम पुढे असतं, मग हिशोब बरोबरीत येतो. पाळी थांबते, इस्ट्रोजेन आटतं, तेव्हा पाडणाऱ्या गड्यांवरचा मुकादमच निघून जातो. त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडांच्या घनतेचा पाचवा हिस्सासुद्धा जाऊ शकतो. आणि हे सगळं होत असताना काहीही दुखत नाही. "मला कुठे काय होतंय?" असं म्हणणाऱ्या बाईचंच बांधकाम आतून पोखरलेलं असू शकतं. बहुतेकींचा क्रम ठरलेला असतो, पन्नाशीत मनगट, साठीत मणका, सत्तरीत खुबा. खुबा मोडलेल्यांपैकी साधारण पाचातली एक वर्षभरात दगावते. उरलेल्यांतल्या कितीतरी पुन्हा पहिल्यासारख्या चालत नाहीत. मनगट ही पहिली हाक होती आणि माझ्या बाबतीत ती प्लास्टरमध्ये गुंडाळून टाकली गेली.

औषधाबद्दल मैत्रिणी विचारतात तेव्हा पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "माझं कॅल्शियम चालू आहे." बाई, वाळू-सिमेंट आणून टाकलंस, पण भिंत पाडणारे गडी तसेच कामावर आहेत ना! त्यांना आवरणारं औषध वेगळं. माझी आठवड्याला एक गोळी असते, अ‍ॅलेंड्रोनेटची. रविवारी उठल्याबरोबर, पोटात काही नसताना, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही नाही. ती अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथे व्रण करते. रविवारचा चहा अर्धा तास लांबणं ही माझ्या घरात मोठीच घडामोड होती. पित्तामुळे गोळी न झेपणाऱ्यांना वर्षातून एकदा सलाइनमधून औषध देतात. दर सहा महिन्यांनी घ्यायचं एक इंजेक्शन आहे, पण ते घेणाऱ्यांनी तारीख चुकवू नये आणि मनाने थांबवू तर मुळीच नये. थांबवलं की झीज उसळून परत येते आणि मणके एकामागून एक मोडू शकतात. जबड्याचं हाड सडतं म्हणून घाबरवणारे भेटतील. तसं क्वचित होतं. औषध सुरू करण्याआधी दातांची कामं उरकून घ्यावीत, मी दोन दाढा काढून घेतल्या. गोळी किती वर्षं घ्यायची हे डॉक्टर ठरवतात. ती जन्मभराची नसते.

खाण्याचं सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून थोडक्यात. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, असं आपल्याकडच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं मोजमाप सांगतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं. तीळ फक्त संक्रांतीला आठवू नयेत. आणि कोवळ्या उन्हाचा भ्रम सोडावा. ड जीवनसत्त्व मिळतं ते दहा-अकरा ते दोन-अडीचच्या उन्हात, हातपाय उघडे ठेवून. आपण नेमक्या त्याच वेळी पदर घेऊन सावली शोधतो.

कमरेत वाकून केर काढणं मी बंद केलं, उंच दांड्याचा झाडू आणला. चेपलेल्या मणक्याला पुढे वाकणं सोसत नाही, म्हणून योगाच्या वर्गातली पुढे वाकायची आसनंही सोडली. रोज चालते, भिंतीला पाठ लावून खांदे मागे ओढते. मोरीत दांडी बसवून घेतली.

आता माझं म्हणणं. बाईची उंची आयुष्यात दोनदा लिहिली जाते, स्थळाच्या कागदावर आणि बाळंतपणाच्या कार्डावर. दोन्ही वेळा ती दुसऱ्या कुणासाठी. त्यानंतर तिच्या डोक्यावर पट्टी ठेवायची कोणाला गरज वाटत नाही. आशाताई घरी येऊन तीस वर्षांवरच्या माणसांचा जो फॉर्म भरतात, त्यात कमरेचा घेर टेपने मोजतात. साखर, रक्तदाब, कॅन्सर यांची विचारपूस असते. त्याच फॉर्ममध्ये पन्नाशीपुढच्या बाईची उंची आणि एक प्रश्न घालावा, "उभ्याने पडून हाड मोडलंय का?" यंत्र नको, निधी नको. डेक्साचं यंत्र तालुक्याला येईल तेव्हा येईल, पट्टी तर कुठेही टांगता येते. आणि अस्थिरोग तज्ज्ञांनी पन्नाशीपुढच्या बाईचं प्लास्टर काढताना डेक्साची चिठ्ठी हातात दिल्याशिवाय तिला घरी पाठवू नये. मला डेक्साला त्या वेळी दोन हजारांच्या आसपास खर्च आला. मनगटाच्या वेळीच तो केला असता तर मणके बहुधा वाचले असते.

पन्नाशी म्हणते खरी, पण माझ्या दाराशी जे येतं ते पन्नाशी पाहत नाही. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या आमच्याकडच्या कारखान्यांवर उतरतात. त्यांच्या बायका साडीवर घालायचे पुरुषी शर्ट दुरुस्तीला आणतात, काखेत उसवलेले, कॉलरला घामाने पांढरे पट्टे पडलेले. "पिशवी काढलीय," हे त्या ज्या सहजतेने सांगतात, त्या सहजतेने मी बटण तुटल्याचंही सांगणार नाही. राज्य सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे २०१९ साली आलेला बीडचा आकडा आठवतो, ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. अंडाशयंही काढली असतील तर तिशीतच पाळी गेल्यासारखं झालं आणि हाडांची झीज त्याच दिवशी सुरू झाली. अंडाशयं ठेवली असली तरी ती वेळेआधी थकू शकतात. अशा बाईला नैसर्गिक पाळी जायच्या वयापर्यंत हार्मोनची गोळी द्यायची का, हे डॉक्टरांनी ठरवायचं असतं. उसाच्या फडात कोण ठरवणार? ऑपरेशन करणाऱ्याने टाके काढले आणि मोकळं केलं. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरवर चढणाऱ्या बाईची हाडं मोडायला पायरीसुद्धा लागणार नाही.

गेल्या माघात अशीच एक आली होती. चौतीस वर्षांची, तीन लेकरांची आई. पिशवी सव्विसाव्या वर्षी काढलेली. पाठ दुखते म्हणाली, सगळ्यांचीच दुखते हेही वर तीच म्हणाली. शर्टाचा खांदा शिवून दिला आणि तिला चौकटीला उभी केली. तिला वाटलं, ड्रेसचं माप घेतेय. चार फूट साडेदहा. आधी किती होती हे तिला माहीत नव्हतं, कोणी मोजलीच नव्हती. मी पेन्सिलीने रेघ मारली, बाजूला तारीख आणि तिच्या गावाचं नाव लिहिलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना चिठ्ठी लिहून दिली. ती गेली की नाही, कळलं नाही. टोळी चैत्रात परत गेली. पुढच्या हंगामात ती ह्याच कारखान्यावर आली तर त्या रेघेशी पुन्हा उभी करायची आहे.