सप्लीच्या आधीचे आठवडे

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचा निकाल लागला की मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा, सौंसरकडच्या दवाखान्यांत पेशंट नसलेलीही काही माणसे येऊन बसतात. संत्र्याच्या बागेतून थेट आलेला बाप शेवटचा पेशंट जाईपर्यंत थांबतो आणि विचारतो, "डॉक्टरसाहेब, पोरगं ॲनाटॉमीत गेलं. वर्ष गेलं का आता?" यावर आपल्यातले बहुतेकजण "होतं असं, पुढच्या वर्षी निघेल" म्हणून पाठीवर हात ठेवतात. हेतू चांगला असला तरी सल्ला चुकीचा आहे.

वर्ष अजून गेलेले नसते. वैद्यकीय पदवी शिक्षणाच्या 2023च्या नियमावलीनुसार मुख्य निकालानंतर काही आठवड्यांतच पुरवणी परीक्षा, म्हणजे सप्ली, होते. त्यात सुटला तर मुलगा आपल्याच बॅचबरोबर दुसऱ्या वर्षाला बसतो. नाही सुटला तर ज्युनिअरांच्या बाकावर. सहा महिने मागे चालणारी जुनी ऑड बॅच आता नाही. पहिल्या वर्षासाठी एकूण चार प्रयत्न आणि सगळा अभ्यासक्रम नऊ वर्षांत. म्हणजे "पुढच्या वर्षी निघेल" म्हणताना आपण हातातले सर्वांत मोलाचे आठवडे वाया घालवायला सांगतो. आणि "आमच्या वेळी" हे शब्द तर तोंडातून काढूच नयेत. ज्येष्ठांना पहिल्या एमबीबीएसला दीड वर्ष मिळाले होते. 1997च्या नियमांनी ते एका वर्षावर आणले.

पोरे गळतात कुठे? आमच्या मते बुद्धीत नाही, बोलण्यात. या पट्ट्यातला मुलगा घरी मराठी बोलतो, शाळेत हिंदीत शिकतो. नीट ही प्रवेशपरीक्षा मराठीत देता येते, हिंदीतही देता येते आणि तिथे पर्यायावर खूण केली की काम भागते. नागपूर हाकेच्या अंतरावर, पण अधिवास मध्य प्रदेशचा. त्यामुळे तिथल्या सरकारी कॉलेजात राज्याच्या कोट्यातून प्रवेश नाही, उरतो तो अखिल भारतीय 15 टक्क्यांचा दरवाजा. मग 2019 साली सुरू झालेले छिंदवाडा, नाहीतर जबलपूर, रीवा, ग्वाल्हेर.

तिथे व्हायव्हाला त्याच्या हातात क्लॅव्हिकल ठेवतात. साइड सांग. त्याला येते: आतले टोक जाड, बाहेरचे चपटे, सबक्लेव्हियसची खोबण खालच्या बाजूला. बोट बरोबर जागी जाते, पण वाक्य अर्ध्यावर अडते. परीक्षक पुढचे हाड उचलतात आणि येत असलेल्या उत्तराचे गुण जातात.

16 ऑक्टोबर 2022 रोजी भोपाळमध्ये ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्रीची हिंदी पुस्तके निघाली, तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी नाके मुरडली. आम्हाला ती पुस्तके वाईट वाटत नाहीत. संज्ञा बहुतेक इंग्रजीच आहेत, फक्त देवनागरीत. समजायला मदत होते. पण समजलेले चार लोकांसमोर सांगायची सवय पुस्तक लावत नाही. (ती इंग्रजी पुस्तकही लावत नाही, हे चौरसियांचे ॲनाटॉमीचे पुस्तक पाठ करून गांगरलेल्या मुलांना विचारावे.)

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावरच्या राष्ट्रीय कृतिदलाच्या 2024च्या अहवालात सर्वेक्षणात उत्तरे देणाऱ्या पदवी विद्यार्थ्यांपैकी 27.8 टक्के जणांनी मानसिक आजार असल्याचे नोंदवले, 16.2 टक्क्यांनी आत्महत्येचे विचार सांगितले. गावात पहिला डॉक्टर होणार म्हणून ज्याचा फ्लेक्स लागला होता, तो नापास होऊन घरी येतो तेव्हा त्याची झोप, जेवण आणि मनात काय चालले आहे, हे सरळ विचारा. मरणाचे विचार येतात का, हेही विचारा. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत, हे आपल्याला माहीत आहे. तरी आपण ओळखीच्या घरात विचारायला संकोचतो.

आणि एक विनंती. थिअरीला 75, प्रॅक्टिकलला 80 टक्के हजेरी लागते. ती कमी पडली की आजारपणाच्या दाखल्यासाठी तोच बाप पुन्हा येतो. खोटा दाखला लिहून देऊ नका. मुलाला सप्लीपर्यंत रोज संध्याकाळी ओपीडी संपल्यावर अर्धा तास बोलवा, हाडांचा संच टेबलावर ठेवा आणि त्याला उभे राहून बोलायला लावा.