आकडा कुणाचा, कुठला, कधीचा?

आज जरा रुक्ष वाटेल अशा विषयावर लिहितोय. विषय आहे 'मेटाडेटा'. शब्द परका आहे, पण गोष्ट घरातलीच आहे. फडताळात एक डबा आहे, आत पांढरी पूड आहे आणि वर चिठ्ठी नाही. मीठ, पिठीसाखर की मुंग्यांची पावडर? चाखून बघायची हिंमत कोण करणार? शेवटी डबा उकिरड्यावर जातो. आतली पूड म्हणजे डेटा आणि वरची चिठ्ठी म्हणजे मेटाडेटा. माहितीची माहिती. कुणी गोळा केली, कुठे, कधी, कशी मोजली, कुठल्या एककात, कुणाला विचारून.

आता म्हणाल, याचा आपल्या तालुक्याशी काय संबंध? आहे. आपल्या भागात सर्वेक्षणांना तोटा नाही. कॉलेजची मुलं येतात, संस्थेचे लोक येतात, टॅब घेऊन कुणी ना कुणी येतंच. आपल्या आयाबहिणी कामं सोडून तास तासभर उत्तरं देतात. पाणी कुठून आणता, कर्ज किती, पोरगी शाळेत जाते का. प्रकल्प संपतो, अहवाल छापून होतो, फोटो निघतात. आणि चार वर्षांनी कुणी ती माहिती मागितली की एक एक्सेल फाइल हातात येते. रकान्यांची नावं क्यू 7, क्यू 8. खाली नुसते आकडे. प्रश्न काय होता, ते लिहिलेला कागद गायब. घरात माणसं किती, या रकान्यात मध्येच 99. म्हणजे वाड्यात शंभराला एक कमी माणसं राहतात का? नाही हो, 'उत्तर दिलं नाही' यासाठी तो आकडा ठरवलेला असतो. पण हे ज्याला ठाऊक, तो मुलगा नोकरीला पुण्याला गेला. नव्या माणसाने तो 99 तसाच धरून सरासरी काढली तर गावातलं प्रत्येक कुटुंब फुगतं.

हसण्यावारी नेऊ नका. विहिरीचं उदाहरण घ्या. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. यंदाची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून बघतात आणि त्यावरून उन्हाळ्यात टंचाई कुठे पडणार याचा अंदाज बांधतात. आता समजा, वहीत लिहिलंय 'पाणी 8 मीटरवर'. कशापासून 8 मीटर? जमिनीपासून की कठड्यापासून? कठडा मीटरभर उंच असेल तर मीटरभराचा फरक आला. मधल्या काळात कुणी कठडा बांधून उंच केला आणि ते टिपलंच नाही, तर कागदावर पाणी खाली जातं, विहिरीत मात्र तिथंच असतं. शेजारच्या मोटारीने सकाळभर उपसा केला होता का, हेही लिहायला हवं. म्हणून नियमाने मोजणारा माणूस मोजणीचा बिंदू आणि कठड्याची उंची आधी नोंदवतो. आता आपल्या गावातल्या जलसंधारणाच्या हौशी मोजण्या आठवा. किती वह्यांत या दोन ओळी सापडतील?

दुसरीकडे, हे काम मनापासून केलं तर काय उभं राहतं, त्याचा नमुनाही आपल्याच राज्यात आहे. जात्यावरच्या ओव्या. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी आपल्या संस्थेच्या कार्यकर्त्यांना घेऊन वर्षानुवर्षं या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त गाणाऱ्या बाया आणि एक लाखाहून जास्त ओव्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी त्यांचा डेटाबेस बांधला आणि शंभर तासांहून जास्त ध्वनिमुद्रण झालं. 2017 पासून 'पारी' हे संकेतस्थळ या ओव्या लोकांसमोर आणतंय.

आकडा मोठा आहेच, पण मला जास्त मोलाची वाटते ती ओवीभोवतीची नोंद. गाणारी कोण, गाव कुठलं, तालुका, जिल्हा, जात, व्यवसाय, ध्वनिमुद्रण कधीचं. ओवी कुठल्या विषयाची, त्याचं सविस्तर वर्गीकरण. आपल्याकडे बाईच्या गाण्याला 'लोकगीत' म्हणून मोकळं व्हायची जुनी खोड आहे. लोकगीत म्हटलं की ते कुणाचंच नसतं. इथे मात्र ओवीपुढे बाईचं नाव आहे. माजलगावच्या भीमनगर वस्तीत 1996 साली बायांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या. वीसेक वर्षांनी पारीची मंडळी पुन्हा त्या वस्तीत जाऊ शकली, कारण कुठे, कधी आणि कुणी गायलं ते लिहून ठेवलेलं होतं. नोंद नसती तर हातात काय उरलं असतं? 'मराठवाड्यातील एक स्त्री' आणि एक खरखरीत टेप.

गावाचं नाव लिहिलं म्हणजे झालं, असंही नाही. पिंपळगाव, वडगाव, नांदगाव राज्यात किती आहेत ते मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल. आणि जिल्हे? हिंगोली 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा झाला. म्हणजे 1996 च्या नोंदीत 'जिल्हा परभणी' लिहिलेलं एखादं गाव आज हिंगोलीत असू शकतं. 2014 ला ठाण्यातून पालघर निघाला. 2023 ला उस्मानाबादचं धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. जुनं नाव पुसून नवं लिहिलं तर जुना कागद जुळत नाही, आणि नवं लिहिलंच नाही तर शोधणाऱ्याला सापडत नाही. त्यामुळे तारीख हवी, दोन्ही नावं हवीत आणि जनगणनेत गावाला दिलेला क्रमांकही हवा.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं: "साहेब, फॉर्म भरायलाच वेळ पुरत नाही, ही वरची नोंद कोण करणार?" बोलणाऱ्याची अडचण खरी आहे. फॉर्ममागे पैसे मिळणाऱ्या पोराने फुकटात हे काम का करावं? दोष त्याचा नाही. प्रकल्पाच्या खर्चात प्रवास धरतात, चहापाणी धरतात, उद्घाटनाचा मंडप धरतात. नोंदी नीट लावणाऱ्या माणसाचा पगार मात्र धरत नाहीत. हे काम शेवटी करू म्हणून ठेवलं की ते होतच नाही. शेवटी पैसा संपलेला असतो आणि माणसं पांगलेली असतात. विहिरीवर उभा असतानाच कठडा मोजायचा असतो, ऑफिसात बसून तो आठवत नाही.

फार मोठी यंत्रणा लागते असंही नाही. ग्रंथालयवाल्यांत 'डब्लिन कोअर' नावाची एक साधी पद्धत 1995 पासून आहे. तिच्यात मोजून 15 रकाने: शीर्षक, कर्ता, तारीख, विषय, भाषा, हक्क वगैरे. दहावी झालेलं पोरगं ते भरू शकतं. 2016 पासून जगभरचे संशोधक चार गोष्टींचा आग्रह धरतात: माहिती शोधली की सापडावी, मागितली की मिळावी, दुसऱ्या माहितीशी जुळावी आणि पुन्हा वापरता यावी. चारही गोष्टींचं मूळ त्या चिठ्ठीत आहे.

एक गोष्ट मात्र जपून. ओवी गाणारीचं नाव लिहिणं हा तिचा मान आहे. पण कर्ज, आजारपण, घरातली मारहाण अशा प्रश्नांच्या उत्तरांपुढे नाव, जात आणि घरक्रमांक लिहून ती फाइल व्हॉट्सअॅपवर फिरवणं हा गुन्ह्याइतकाच वाईट प्रकार आहे. छोट्या गावात नाव काढून टाकलं तरी 'विधवा, वय 34, दोन मुली, शिवणकाम' एवढ्यावरून अख्खी आळी ओळखते. म्हणून नाव कुठे ठेवायचं, कुठे काढायचं आणि तिने कशाला होकार दिला होता, हीसुद्धा नोंदच आहे. ती आधी व्हायला हवी.

आता आपण काय करायचं? पुढच्या वेळी कुणी टॅब किंवा फॉर्म घेऊन दारात आलं की पाणी द्या, बसायला सतरंजी टाका आणि मग विचारा. तुम्ही कुणाकडून आलात? ही माहिती कशासाठी? माझं नाव कुठे जाणार? प्रकल्प संपल्यावर ही फाइल कुठे राहणार, आणि प्रश्नांचा कागद तिच्यासोबत राहणार का? आमच्या गावाला तिची प्रत कधी मिळणार? उत्तर देता आलं नाही तर फॉर्म नम्रपणे परत करा. सरपंच मंडळी ही पोस्ट वाचत असतील तर त्यांना विनंती: ग्रामसभेत एक ठराव घ्या. गावात सर्वेक्षण करणाऱ्याने प्रश्नावली, तारीख, पद्धत आणि निकालाची प्रत ग्रामपंचायतीत जमा करावी. एक फाइल, एक कपाट, एवढाच खर्च.

आणि आपल्या कॉलेजातल्या प्राध्यापक मित्रांना थेट सांगतो. तुमच्या कपाटात, पेनड्राइव्हवर या तालुक्याची वीस वीस वर्षांची माहिती पडून आहे. ती गोळा करणारे विद्यार्थी आज चाळिशीला आलेत, पण अजून फोनवर सापडतात. त्यांना बोलवा, विचारा, डब्यांवर चिठ्ठ्या लावा. त्यांनाही आठवेनासं झालं की मग विचारायला कुणीच उरणार नाही.

तुमच्या गावात असं सर्वेक्षण होऊन गेलं असेल आणि त्याची प्रत मिळाली असेल किंवा नसेल, तर खाली लिहा. गावाचं नाव, तालुका आणि साल तेवढं विसरू नका.